दगडू गवळ्याचा उतारा

फेब्रुवारी लागला की नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे हातगाड्यांवर द्राक्षं दिसायला लागतात आणि त्याच आठवड्यात न चुकता आमचं प्रशिक्षण येतं. परीक्षा तोंडावर आल्यावरच शिक्षकांना शहाणं करायची घाई का होते, हे कोडं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत सुटलेलं नाही. पण मी जाते. पंखा असतो, चहा असतो, आणि घरी कुणी 'आज काय केलंस' असं विचारलं तर सांगायला काहीतरी असतं.

यंदाचा साधनव्यक्ती, म्हणजे आम्हाला शिकवायला आलेला शिक्षक, तरुण होता. उत्साह इतका की खडू दोनदा मोडला. त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एका उताऱ्याचा जास्तीत जास्त उपयोग', आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "ताई, आपण काय करतो? उतारा एकदा वाचतो, खालचे पाच प्रश्न सोडवतो आणि टाकून देतो. उतारा म्हणजे काय चहाची पूड आहे का, एकदा उकळली की फेकायची?"

माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "आमच्या सासूबाई पूडसुद्धा दोनदा उकळतात."

सगळी रांग हसली. मी हसले नाही, कारण मी एकदा एक उतारा महिनाभर उकळला होता, आणि त्यात एका भल्या माणसाचा धंदा जायची वेळ आली होती.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. निफाड तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्यांची शाळा, त्यातली तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. गावात चहूकडे द्राक्षाच्या बागा. हंगामात त्या गावाला दुसरं काही सुचत नसे. रस्त्यावर क्रेट, ओट्यावर क्रेट, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर क्रेट. औषधाचा उग्र वास आणि पिकल्या मण्यांचा गोड वास एकात एक मिसळून वर्गात यायचा आणि दुपारी दोनच्या सुमारास निम्मा वर्ग आणि पूर्ण बाई पेंगायला लागायच्या. मुलांची बोटं कायम चिकट. वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, ती उलगडताना अभ्यासाचा निम्मा वेळ जायचा. मला आजही ताजा घड नाकाशी धरला की आधी आठवतात त्या चिकटलेल्या वह्या.

त्या वर्षी मला एका गोष्टीचा राग आला होता. माझ्या वर्गाला उताऱ्यावरचे प्रश्न पैकीच्या पैकी यायचे आणि उतारा मात्र अजिबात यायचा नाही. त्यांची रीत साधी होती. प्रश्नातला एखादा ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात हुडकायचा आणि सापडला की ते वाक्य शेपटीसकट उचलून उत्तराच्या जागी ठेवायचं. मी एकदा गंमत म्हणून विचारलं, "उतारा कशाबद्दल होता रे?" तर वर्गातला पहिला नंबर, प्रशांत, म्हणाला, "बाई, तो प्रश्न खाली नाहीये."

मग मी ठरवलं, नवीन उतारे बंद. एकच उतारा घ्यायचा आणि तो पोरांच्या अंगात मुरेपर्यंत सोडायचा नाही. उतारा निवडायचा प्रश्नच आला नाही. शाळेच्या कपाटात शिक्षकांच्या एका जुन्या मासिकाचा अंक होता, तो वाळवीने खाल्ला होता आणि एक पान तेवढं ठेवलं होतं. वाळवीला ते का आवडलं नाही कोण जाणे. त्या पानावर हा उतारा होता. मला तो असा पाठ होता:

'रामपूर गावात दगडू नावाचा गवळी राहत होता. त्याच्याकडे दोन म्हशी होत्या. तो रोज सकाळी घरोघरी दूध घालत असे. एके दिवशी पाटलांच्या घरी दूध पातळ लागले. दुधात पाणी निघाले. ही बातमी गावभर पसरली. सगळे लोक दगडूला लबाड म्हणू लागले. शेवटी दगडूने म्हशी विकल्या आणि तो गाव सोडून गेला.'

मी तो फळ्यावर लिहिला, मुलांनी वह्यांत उतरवला. राहिली एक जनी. जनी डोंगरातल्या सुरगाण्याची. तिचे आई-बाप हंगामापुरते बागेत कामाला आलेले, आणि द्राक्षं संपली की जीपच्या टपावर बोचकी टाकून परत जाणारे. ती वर्गात आली तेव्हा फळा पुसून झाला होता आणि तिच्याकडे वहीही नव्हती. म्हणून मी ते मूळ छापील पान पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि तिच्या हातात दिलं. जनीला अक्षरं ओळखू यायची, पण एकेका अक्षराशी ओळख काढूनच ती पुढे जायची. एका शब्दाला तिला एवढा वेळ लागे की बाकीचा वर्ग तेवढ्यात उतारा संपवून पाणी पिऊन यायचा. शब्दाखाली बोट ठेवल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. महिनाभरात ती चौथ्या ओळीपर्यंत आली होती. द्राक्षं संपायच्या आत ती शेवटच्या ओळीला पोचावी एवढीच माझी इच्छा होती.

आणि मग मी त्या उताऱ्याला जे पिळलं म्हणता! सोमवारी वाचन, मंगळवारी श्रुतलेखन. बुधवारी गणित: दोन म्हशी, प्रत्येकी सहा लिटर दूध, तर आठवड्याचं किती? गुरुवारी भूगोल: दगडूच्या घरापासून पाटलांच्या वाड्यापर्यंत नकाशा. त्यात पोरांनी आमच्याच गावातली पाण्याची टाकी आणि सोसायटीचं ऑफिस काढलं, मी कौतुक केलं. शुक्रवारी नाटक. त्यात सगळ्यांना म्हैस व्हायचं होतं, कारण म्हशीला पाठांतर नव्हतं. दगडू व्हायला कुणी तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकून दगडू काढला, आणि तो गाव सोडून निघाला तेव्हा अकरा म्हशी रेकल्या. पलीकडच्या खोलीतून मोठे गुरुजी बघायला आले, म्हणाले, "बाई, मराठीच चाललंय ना?"

मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं का सांगू. रोज संध्याकाळी बसथांब्याकडे जाताना मी मनातल्या मनात आदर्श शिक्षिकेचा सत्कार घेत असे. शाल कोणत्या रंगाची हेसुद्धा ठरलं होतं.

पुढचा उपक्रम होता: उताऱ्यावर स्वतः प्रश्न तयार करा आणि घरच्यांना विचारा. चांगला उपक्रम आहे, आजही करते, पण आता गाव बघून करते. त्या गावात दूध घालणारा एकच माणूस होता आणि त्यांचं नाव होतं दगडूतात्या.

बागा वाढल्या तशा घरोघरच्या म्हशी गेल्या होत्या. तात्यांनी मात्र म्हशी ठेवल्या होत्या आणि निम्मं गाव त्यांच्या किटलीवर चहा पीत होतं. साठीचे, उंच, सायकलला दोन्हीकडे किटल्या. दूध मोजून झालं की वर एक धार जास्त घालणार. अशा माणसाच्या गावात तीस पोरं एकाच संध्याकाळी घरी गेली आणि जेवायला बसल्यावर विचारू लागली, "दगडूने दुधात पाणी का घातलं असेल?", "दगडूला लोक लबाड का म्हणाले?" बागेतून दमून आलेल्या माणसांनी अर्धवट ऐकलं. उतारा कुणी ऐकला नाही, दगडू आणि पाणी तेवढं ऐकलं. शाळेत बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर शंका घ्यायचं कारण उरलं नाही.

आठवड्याभरात बायका दुधात बोट बुडवून बघायला लागल्या. सरपंचांच्या घरच्या काकूंनी तर तात्यांचं दूध बंदच केलं आणि पिशवीचं आणायला सुरुवात केली. काकूंनी बंद केलं म्हटल्यावर त्यांच्या आळीतल्या चार घरांनी केलं. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. शाळेचा चहा तात्यांच्याच दुधाचा व्हायचा. एका दुपारी मी कप उजेडाकडे धरून बघितला आणि मोठ्या गुरुजींना म्हणाले, "हल्ली पातळच येतं, नाही?" ते दूध पहिल्याइतकंच दाट होतं. उतारा मीच शिकवत होते आणि त्यावर मीच विश्वास ठेवायला लागले होते.

पुस्तकातल्या गोष्टीला आपण फार साधं समजतो. छापलेलं आहे, पोरांचं आहे, त्यातला गवळी कागदाबाहेर थोडाच येणार, असं वाटतं. पण एखादं वाक्य तीसदा म्हटलं की ते खरं वाटायला लागतं. मी तर पोरांकडून ते गणितात म्हणवून घेतलं, भूगोलात म्हणवून घेतलं आणि म्हशींकडूनही म्हणवून घेतलं.

कळस केला पत्रलेखनाने. विषय दिला, 'दगडूला पत्र लिहा.' सगळ्यांनी वहीत लिहिलं. प्रशांत मात्र पहिला नंबर. पत्र लिहून झाल्यावर ते ज्याचं त्याला पोचतं करावं, असं मी वर्गात शिकवलं होतं, ते त्याने ऐकलं होतं. सकाळी तात्या दूध घालायला आले तेव्हा त्याने त्यांच्या हातात घडी दिली. तात्यांना वाचता येत नसे. त्यांनी ते किराणा दुकानात सगळ्यांसमोर वाचून घेतलं.

'तीर्थरूप दगडूतात्या यांस, शि. सा. न. वि. वि. मी इथे सुखरूप आहे. आपण दुधात पाणी घालता हे वाचून आनंद झाला. लोक आपल्याला लबाड म्हणतात. आपण म्हशी विकून गाव कधी सोडणार ते कळवावे. घरच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आपला आज्ञाधारक, प्रशांत.'

त्यात एकही चूक नव्हती. मी त्याला दहापैकी दहा दिले असते.

त्याच दिवशी अकरा वाजता वर्गाच्या दारात सायकल उभी राहिली. तात्या आत आले आणि पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, चाळीस वर्सं दूध घालतोय. तुमच्या या पोरांच्या बापांनीबी माझ्याच किटलीचं पिलंय. पाच घरं सुटली माझी. कोन काय बोलत नाय, नुसतं दार लावून घेत्यात. तुमी काय लिवलंय माझ्याबद्दल?"

मी म्हणाले, "तात्या, ते तुमच्याबद्दल नाही हो. पुस्तकातला दगडू आहे. रामपूरचा."

"पुस्तकात माझं नाव कशाला टाकलं मग?"

"तुमचं नाही, त्याचं. त्याच्याकडे दोन म्हशी होत्या."

"माझ्याकडं तीन हायेत," तात्या म्हणाले. "येक गेली कुठं? तीबी तुमीच इकली का?"

वर्ग खुदकन हसला, तात्या हसले नाहीत. ते बाकावर बसले आणि त्यांच्या आवाजातला राग उतरला, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "असंच चाललं तर मी खरंच म्हशी इकतो, बाई. माज्यानं असं दारोदार तोंड दाखवत हिंडवत नाय."

मी रडायच्या बेतात होते. मी म्हणाले, "थांबा, उताराच वाचून दाखवते तुम्हाला."

"तुमी नको," ते म्हणाले. "तुमचंच तर काम हाय हे."

मग मी प्रशांतला उभा केला. प्रशांतने हाताची घडी घातली, नजर छताकडे लावली आणि सुरुवात केली. तात्यांनी एक वाक्य ऐकलं आणि हात वर केला.

"ह्यो वर बघून वाचतोय. वर कुठं लिवलंय?"

आणि मग त्यांनी वर्गभर नजर फिरवली. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, मांडीवर पुठ्ठा घेऊन जनी बसली होती. बोट चौथ्या ओळीवर. समोर एवढं सगळं चाललेलं असताना ती आपल्या दुधाच्या 'दू'शी झगडत होती.

"ही वाचंल," तात्या म्हणाले. "ही बोट ठिवून वाचती. आन् ही आपल्या गावची नाय, हिला कोनाची बाजू नाय."

तात्यांची पाच घरं, त्यांचं नाव, चाळीस वर्षांची किटली, सगळं आता एका पोरीवर होतं, जिने तो उतारा एकदाही शेवटपर्यंत नेला नव्हता. पण नाही कशी म्हणणार? जनी उठली. तात्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, पुठ्ठा त्यांच्या गुडघ्यावर टेकवला, म्हणजे त्यांनाही बोट दिसावं. आणि सुरू झाली. रा, म, पू, र. रामपूर.

इतका सावकाश उतारा मी आयुष्यात ऐकलेला नाही. पहिली म्हैस यायलाच किती वेळ लागला! पोरांचे ओठ हलत होते, पुढचं पुढचं सांगायला त्यांच्या जिभा शिवशिवत होत्या. मी डोळ्यांनी दटावत होते. 'दुधात पाणी नि-घा-ले,' जनी म्हणाली, आणि तात्यांनी मान खाली घातली. 'सगळे लोक दगडूला ल-बा-ड म्हणू लागले.'

"शेवटी दगडूने म्हशी विकल्या!" अख्खा वर्ग न राहवून ओरडला.

जनीचं बोट जागचं हललं नव्हतं. मग ती म्हणाली, "त्या... दि... दिवशी..."

"बाई, ही चुकली!" प्रशांत म्हणाला.

मीही म्हणाले, हे मी कबूल करते. मी म्हणाले, "जनी, ओळ चुकलीस बाळा. नीट बघ."

तिने पुठ्ठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बाई, कागदात असंच आहे. माला दिसतं तेच वाचते मी."

आणि तिने बोट सरकवत सरकवत ते अख्खं वाक्य वाचलं. 'त्या दिवशी वाटेत जोराचा पाऊस आला होता आणि किटलीचे झाकण सैल झाले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. खुद्द दगडूलाही नाही.'

मी वाकून बघितलं. वाक्य होतं. छापलेलं, स्वच्छ, पानाच्या मधोमध. आणि एकदम सगळं आठवलं. आमच्या फळ्याचा काळा रंग खालच्या बाजूने उडालेला होता. उतारा आणि पाच प्रश्न त्यावर मावेनात. म्हणून पहिल्याच दिवशी मी एक वाक्य गाळलं होतं. सगळ्यात लांब तेच होतं आणि त्याच्यावर खाली प्रश्न नव्हता. महिनाभर मी उतारा थेंबाथेंबाने पिळला, आणि ज्या एका वाक्यात दगडूचा सगळा जीव होता ते मीच पुसून टाकलं होतं. प्रश्न नसलेलं वाचायचं नाही, हे पोरं कुणाकडून शिकली होती ते मला त्या दिवशी कळलं.

"परत वाच," तात्या म्हणाले.

जनीने परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं त्यांनी. मग ते उठले, जनीला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि म्हणाले, "चला बाई. हे जिथं पसरलंय तिथं वाचू."

हंगामात सगळं गाव एकाच ठिकाणी सापडायचं, ते म्हणजे पॅकिंगच्या शेडमध्ये. सायकल पुढे, मागे मी, माझ्यामागे तीस पोरं. शेडमध्ये बायका ओळीने बसून कात्रीने घडातले खराब मणी काढत होत्या. सरपंचांच्या काकू होत्या, आळीतल्या सुटलेल्या घरच्या होत्या, आणि कोपऱ्यात सुरगाण्याच्या बायकांमध्ये जनीची आई. तात्यांनी एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि जनीला त्यावर उभं केलं. "ऐका," एवढंच म्हणाले.

जनी वाचायला लागली. सुरुवातीला कात्र्या चालू होत्या. मग हळूहळू एकेक थांबली. तिच्या आईने तर कात्री खालीच ठेवली. लेकीच्या तोंडातून कागदावरचं येताना ती पहिल्यांदा बघत होती, आणि ते दूध, ती किटली, तो दगडू, यातलं तिला काही ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. पावसाचं आणि झाकणाचं वाक्य आलं तेव्हा काकू हातातला घड उगाचच फिरवत बसल्या.

"तात्या," शेवटची ओळ झाल्यावर काकू म्हणाल्या, "उद्या सकाळी दूध घालायला येताय ना?"

"बगू," तात्या म्हणाले. "आधी पोरगीचं होऊ द्या."

कारण जनी थांबली नव्हती. तिला कुठे ठाऊक की उतारा संपला? तिच्या दृष्टीने कागद अजून बाकी होता. तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "प्रश्न पहिला. दगडू को-ठे राहत होता?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "रामपूरला!" तीन-चार जणी ओरडल्या.

"प्रश्न दुसरा. त्याच्याकडे किती म्हशी होत्या?"

"दोन!" आता शेड रंगात आली होती. गडी माणसंही क्रेट सोडून जवळ आली होती.

"प्रश्न तिसरा. दगडूला ल-बा-ड कोण म्हणाले?"

बाहेर ट्रॅक्टर चालू होता तेवढाच आवाज. जनी वाट बघत होती, वर्गात मी बघते तशीच, एकेकीच्या तोंडाकडे. काकूंनी पदर सारखा केला. मागून कुणीतरी तोंडातल्या तोंडात म्हणालं, "सगळे."

"पूर्ण वाक्यात सांगा," जनी म्हणाली.

मी जरा पुढे झाले. घसा साफ केला. "दगडूला सगळे लोक लबाड म्हणाले," मी म्हणाले, "आणि बाईसुद्धा म्हणाल्या."

जनीने कागदात नीट बघितलं. बाईंचं तिथे काही लिहिलेलं नव्हतं. तिने मान वर केली, तात्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," ती म्हणाली आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.